जेसीबी, माकडं आणि एक जीबी

आधी एक छोटंसं गणित. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट खुलं केलं. घरगुती ग्राहकाला वर्षाचे ५,००० रुपये, त्यात २५० तास, आणि वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आता समजा, एखाद्या पठ्ठ्याने हे अडीचशे तास एक सेकंदही वाया न घालवता पूर्ण वेगाने वापरले, तर वर्षभरात किती माल उतरला असता? ९,६०० भागिले आठ, म्हणजे सेकंदाला १,२०० बाइट. गुणिले ३,६०० सेकंद, गुणिले २५० तास. उत्तर येतं १०८ कोटी बाइट. एक जीबीच्या किंचित वर!

वर्षभरात एक जीबी, आणि तोही पाच हजारांत. शिवाय जोडणी डायल करून मिळायची, त्यामुळे फोनचं बिल वेगळं.

आज तोच जीबी दहा रुपयांच्या आसपास मिळतो. सरकारी आकडेवारीनुसार २०१४मध्येसुद्धा मोबाइलवरचा एक जीबी सरासरी २६९ रुपयांना पडत होता. मग मधे झालं काय? कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: ५ सप्टेंबर २०१६, जिओ आलं आणि भाव कोसळले. खरंच आहे ते. फक्त फोरजीवर उभारलेलं जाळं, महिनोन्‌महिने फुकट डेटा, आणि २०१७पर्यंत मोबाइल डेटा वापरण्यात भारत जगात सगळ्यांच्या पुढे. पण ही गोष्टीची शेवटची दोन पानं झाली. आधीची पानं जमिनीत पुरलेली आहेत, रुळांच्या कडेने गेलेली आहेत, विजेच्या मनोऱ्यांवर लटकलेली आहेत, समुद्राच्या तळाशी पडलेली आहेत. ती वाचली की माझ्यापुरतं एक पक्कं होतं. नेट स्वस्त होतं ते एकाने खणलेला चर दहा जणांनी वापरला तर, आणि तुटलेली तार जोडायला कुणीतरी वेळेत पोचलं तर.

पहिला मान पुण्याचा

आज घराघरांत ‘फायबर’ आलं आहे. पण देशात दोन टेलिफोन एक्स्चेंजना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा सुरू झाली ती पुण्यात, १९७९ साली. तेव्हा घरी साधा फोन मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. आणि ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव १९६०मध्ये रूढ केलं ते मूळचे पंजाबच्या मोग्याचे शास्त्रज्ञ नरिंदर सिंग कपानी यांनी. म्हणजे शब्द मोग्याचा, पहिली तार पुण्याची.

पुणे जिल्ह्याचा या धंद्याशी संबंध त्याहून जुना आहे. १९२७मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी ‘बीम’ सेवा सुरू झाली, तिचं प्रक्षेपण खडकीहून व्हायचं आणि तिकडून येणारे संदेश झेलले जायचे दौंडला. रेल्वे जंक्शन म्हणून दौंड सगळ्यांना माहीत असतं. एके काळी साता समुद्रापलीकडचे संदेश तिथे उतरत, हे मात्र दौंडकरांनाही सांगावं लागतं.

मग १९७१. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वीला देशाचं परदेशी दळणवळणाचं उपग्रह भू-केंद्र उभं राहिलं. सुमारे ३० मीटर व्यासाची प्रचंड तबकडी, भोवती द्राक्षं-टोमॅटोची शेती, आणि हिंदी महासागरावरच्या उपग्रहातून परदेशी जाणारे फोन. पुढे विक्रम साराभाईंच्या स्मरणार्थ त्याला ‘विक्रम’ हे नाव दिलं गेलं. डोंगरांच्या कुशीत, शहरी गोंगाटापासून लांब अशी जागा हवी असते म्हणून आर्वी. याच शांततेपोटी पुढे शेजारच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही आली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट उतरवणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून किती जणांचं बोलणं आलं-गेलं असेल, याचा विचार मी त्या रस्त्याने जाताना दर वेळी करतो.

बैलगाडीतला उपग्रह, धुळीतलं एक्स्चेंज

१९८१मध्ये इस्रोने ‘अ‍ॅपल’ या दळणवळण उपग्रहाची अँटेना तपासायची ठरवली. त्यासाठी मोकळं मैदान आणि धातू नसलेली गाडी हवी होती, कारण ट्रकचा लोखंडी सांगाडा चाचणीत गडबड करतो. उपाय? लाकडी बैलगाडी. तो फोटो जगभर गाजला. अनेकांना तो गरिबीचा वाटतो, मला तो डोकं चालवल्याचा वाटतो. महागडी सोय उभी करण्यापेक्षा गावात आहे ते वापरलं, आणि काम बिनचूक झालं.

याच वाटेवरचं दुसरं उदाहरण मला उपग्रहाहून मोठं वाटतं. १९८४मध्ये सी-डॉट ही संस्था सुरू झाली आणि सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने तिने गावासाठी १२८ जोडण्यांचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज बनवलं. त्याचं वैशिष्ट्य एका ओळीत: त्याला एसी लागत नव्हता. परदेशी एक्स्चेंजना थंडगार, धूळरहित खोली लागायची, आणि आपल्या खेड्यात तर वीजच धड नसायची. उकाडा, धूळ, कमी-जास्त होणारा दाब हे सगळं सहन करणारं हे यंत्र १९८६मध्ये पहिल्यांदा बसवलं गेलं ते बेळगाव जिल्ह्यात, राणी चन्नम्माच्या कित्तूरला. पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ गावागावांत पोचले त्यामागे अशी यंत्रं होती. रात्री दर उतरल्यावर त्या बूथबाहेर लागलेल्या रांगा ज्यांना आठवतात, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

जुहू ते पवई

व्हीएसएनएलच्या आधीही भारतात नेट होतं, फक्त ते शास्त्रज्ञांपुरतं होतं. १९८६मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ सुरू केलं. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि खुद्द विभाग, अशा आठ ठिकाणांचं ते जाळं. देशातले सुरुवातीचे ईमेल जुहूच्या या केंद्रातून पवईच्या आयआयटीकडे गेले, तेही साध्या फोनच्या तारेवरून. जुहू-पवई अंतर लोकल आणि बसने तेव्हाही तासाभराचं. पत्र आधी पोचलं!

शेजारच्या घरी, व्हाया अमेरिका

हा प्रकार ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. २००३पूर्वी पुण्यातल्या एका कंपनीचा ग्राहक शेजारच्या इमारतीतल्या, पण दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला ईमेल करी, तेव्हा ते पत्र बऱ्याचदा समुद्रापार अमेरिकेला जाऊन परत येई. कारण देशातल्या कंपन्यांना एकमेकींशी जोडणारा चौक भारतात नव्हताच. हाक शेजाऱ्याला मारायची, तर ती सातासमुद्रापलीकडून फिरून यायची.

यात वेळ तर जाईच (काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तरी अमेरिकेची ये-जा म्हटली की जवळपास पाव सेकंद), पण खरा मार खिशाला बसे. समुद्रातली केबल महाग, आणि तिच्या प्रत्येक वापराचे पैसे डॉलरमध्ये. २००३मध्ये ‘निक्सी’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. नोएडा, मुंबई, चेन्नई, कोलकाता इथे अदलाबदलीचे चौक उघडले आणि देशातलं पत्र देशातच फिरू लागलं. या एका सोयीने वाचलेल्या पैशाचा गाजावाजा कधीच झाला नाही. पाटबंधाऱ्याचं पाणी शेतात पोचतं तेव्हा चारी कुणी खणली हे कोण विचारतं?

समुद्राच्या तळाशी पडलेली मुंबई

१८७०. त्या काळचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज, ‘ग्रेट ईस्टर्न’, मुंबईहून निघालं आणि मागे तारेची केबल सोडत एडनला पोचलं. पुढे सुएझमार्गे थेट लंडन. मुंबईच्या कापसाचा भाव तासांत विलायतेला कळू लागला. दीडशे वर्षांनंतरही मुंबईची ती ओळख पुसलेली नाही. परदेशातून येणाऱ्या बऱ्याच केबल वर्सोव्याच्या आसपास किनाऱ्याला लागतात. कोळीवाड्यातल्या होड्या आणि अर्ध्या देशाचं नेट यांच्यामध्ये काही हात वाळू असते.

खोल समुद्रातली ही केबल बागेला पाणी घालायच्या नळीएवढी जाड असते. किनाऱ्याजवळ मात्र तिला लोखंडी तारांचं चिलखत चढवतात, कारण तिथे नांगर आणि जाळी असतात. काचेतला उजेड जाता जाता मंदावतो, म्हणून ठरावीक अंतरावर तो पुन्हा तेज करणारं यंत्र केबलमध्येच बसवलेलं असतं, आणि त्याला वीज किनाऱ्यावरून हजारो व्होल्टने पाठवतात.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल एकदम तुटल्या. भारताची निम्म्याच्या आसपास आंतरराष्ट्रीय क्षमता गेली. पुण्या-बंगळुरूच्या कॉल सेंटरांत धावपळ, शेअर दलालांच्या कपाळाला आठ्या, घरी पान उघडता उघडेना. भूमध्य समुद्रातल्या दोन तारा तुटल्या आणि इकडे औंधातल्या सायबर कॅफेत गिऱ्हाइकं पैसे परत मागू लागली! तुटलेली केबल शोधून, आकड्याने वर उचलून, जहाजावर जोडून पुन्हा खाली सोडायची तर खास जहाज लागतं. भारताच्या झेंड्याखाली अशी दुरुस्ती-जहाजं असावीत, हा मुद्दा दूरसंचार नियामकाने २०२३मध्ये मांडला. तो रास्तच आहे. ज्याच्या विहिरीवर गाव चालतं त्याच्याकडे पोहरा स्वतःचा हवा.

बेटांची कथा तर अगदी ताजी. ऑगस्ट २०२०पर्यंत अंदमानचं सगळं नेट उपग्रहावर चालायचं. महाग, संथ, ढगाळ हवेत आणखी संथ. मग चेन्नईहून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल १,२२४ कोटी रुपये खर्चून टाकली गेली. जानेवारी २०२४मध्ये लक्षद्वीपला कोचीहून केबल पोचली आणि बेटांची क्षमता सेकंदाला १.७ गिगाबिटवरून २०० गिगाबिटवर गेली. शंभरपटीहून जास्त! निव्वळ नफा-तोट्याच्या हिशेबाने मूठभर वस्तीच्या बेटांवर कुणी केबल टाकली नसती. टाकली, हे बरं केलं.

रूळ होतेच, मनोरे होतेच

केबल टाकण्यात सगळ्यात महाग काय असतं? काच नव्हे. खड्डा. रस्ता खणायचा, परवानगी काढायची, बुजवायचा, डांबर घालायचं. म्हणून शहाण्या देशांनी विचार केला: आधीच मोकळी, सलग, आपल्या मालकीची वाट कुठे आहे? उत्तर दोन ठिकाणी सापडलं.

पहिली, रेल्वे. स्टेशनमास्तरांना एकमेकांशी बोलायला आणि सिग्नल सांभाळायला रुळांच्या कडेने तारा लागतातच. त्या जागी फायबर टाकलं की रेल्वेचं काम भागून पुष्कळ उरतं. २०००मध्ये ‘रेलटेल’ ही कंपनी त्यातूनच निघाली. जानेवारी २०१६मध्ये गूगलबरोबर तिने मुंबई सेंट्रलला फुकट वाय-फाय सुरू केलं, जून २०१८मध्ये दिब्रुगडला चारशेवं स्टेशन झालं, आणि पुढे संख्या सहा हजारांपलीकडे गेली. याच वाय-फायवर केरळात एर्नाकुलमच्या स्टेशनवरचा एक हमाल अभ्यास करायचा. डोक्यावर सामान, कानात इअरफोन, त्यात धडे चालू. २०१८मध्ये त्याने केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केली. मोठमोठ्या अहवालांतले तक्ते मी विसरून जातो, तो इअरफोन विसरत नाही.

दुसरी वाट तुम्ही रोज पाहता. हायवेने जाताना शेतांवरून जाणारे विजेचे अजस्र मनोरे दिसतात ना? त्यांच्या अगदी टोकावर एक बारीक तार असते, वीज पडली तर ती जमिनीत उतरवणारी. पॉवरग्रिडने त्या तारेच्या पोटातच फायबर घातलं आहे. खाली लाखो व्होल्ट, वर उजेडाचे ठिपके, आणि दोघांचं एकमेकांशी काही भांडण नाही, कारण काचेला विजेचं काही वाटत नाही. शिवाय तिथे जेसीबी पोचत नाही. या वाक्याचं महत्त्व पुढे कळेल.

तालुक्यापासून पुढचं अंतर

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्राने ठरवलं की देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर द्यायचं. कल्पना किफायतशीर होती. बीएसएनएल, रेलटेल, पॉवरग्रिड यांच्या तारा तालुक्यांपर्यंत बऱ्याच ठिकाणी गेलेल्याच होत्या. त्या वापरायच्या आणि फक्त तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतचा तुकडा नवा टाकायचा. राजस्थानातलं अराईं, त्रिपुरातलं पानीसागर आणि आंध्रातलं परवाडा या तीन ठिकाणी आधी प्रयोग झाला. मुदत होती दोन वर्षांची. पहिल्या एक लाख ग्रामपंचायती पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं. मधे योजनेचं नावही बदलून ‘भारतनेट’ झालं.

उशीर का झाला? परवानग्या, ठेकेदार, जंगल, घाट, पाऊस ही कारणं आहेतच. पण मला आराखड्यातली एक गोष्ट जास्त बोचते. सुरुवातीला तारा झाडाच्या फांद्यांसारख्या टाकल्या होत्या, एका पुढे एक. मधे एका ठिकाणी तुटलं की त्यापुढची सगळी गावं अंधारात. माळेचा दोरा एकदा तुटला की मणी घरभर, तसं. २०२३मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत आता कड्या आहेत: तार गोल फिरून परत येते, एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने नेट चालू. आणि सोबत दहा वर्षांच्या देखभालीची अट. ही अट पहिल्या दिवसापासून असती तर किती ग्रामपंचायतींतले पांढरे डबे धूळ खात पडले नसते.

या कामाचा पैसा येतो कुठून? तुमच्या-माझ्या रिचार्जमधून. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीत भरतात. २००२पासूनचा हा प्रघात, आता नाव ‘डिजिटल भारत निधी’. म्हणजे दादरला कुणी रिचार्ज मारला की त्यातले थोडे पैसे भामरागडसारख्या दूरच्या तालुक्यांच्या वाट्याच्या निधीत पडतात. शहराने खेड्याचं देणं फेडायची अशी सरळ व्यवस्था आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. तो निधी पडून राहिला की मला म्हणूनच राग येतो. पैसे लोकांनी भरलेले असतात.

ग्रामपंचायतीपर्यंत तार आली तरी वाड्या-पाड्यांचं काय? पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या चमूने यावर छान काम केलं. टीव्ही प्रसारणासाठी राखलेल्या, पण गावाकडे रिकाम्या पडलेल्या लहरी आधी वापरून पाहिल्या, मग लांब पल्ल्याच्या वाय-फायने पंचवीस गावं जोडली. टीव्हीच्या लहरी झाडाझुडपांतून, डोंगराच्या आडोशातून जास्त चांगल्या जातात, ही त्यातली गंमत. या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं.

केरळने तर वीज मंडळाचे खांबच वापरले. जून २०२३मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘के-फॉन’चं उद्दिष्ट वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचं आहे. त्याच राज्यात, वसतिगृहात मोबाइलला बंदी घातली म्हणून एक विद्यार्थिनी कोर्टात गेली होती. २०१९मध्ये उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. हे वाचताना २०२०चा पावसाळा आठवल्याशिवाय राहत नाही. शाळा-कॉलेजं बंद, तास फोनवर, आणि कोकणातली पोरं-पोरी रेंज शोधत डोंगरावर झोपड्या बांधून, डोक्यावर प्लास्टिक धरून वह्या लिहीत होती. हक्क कागदावर असून भागत नाही, रेंज वाडीपर्यंत यावी लागते.

नेटचे दोन वैरी

पहिला वैरी पिवळा. त्याला पंजा आहे. २०२३मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप काढलं तेव्हा दिलेला आकडा असा: देशात दर वर्षी सुमारे दहा लाख वेळा ऑप्टिकल फायबर तुटते आणि त्यातून जवळपास ३,००० कोटींचं नुकसान होतं. दहा लाख! म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला कुठेतरी कुणाची तरी तार तुटते. पाण्याची पाइप टाकणारा गटार फोडतो, गटार बांधणारा केबल तोडतो, केबल टाकणारा पाण्याची पाइप. अ‍ॅपची कल्पना साधी: खणण्याआधी कळवा, खाली काय आहे ते ज्याचं आहे तो सांगेल. तार खरं तर नियमानुसार १६५ सेंटिमीटर खोल, प्लास्टिकच्या पाइपात असायला हवी. एखाद्या माणसाच्या उंचीएवढी. खडक लागला की ठेकेदार किती खोल जातो, हे ज्याने रस्त्याचं काम पाहिलं आहे त्याला ठाऊक आहे.

दुसरा वैरी वाराणसीचा. २०१५मध्ये तिथे घाटांवर वाय-फाय देण्यासाठी गंगेकाठाने तारा टाकल्या, आणि माकडांनी त्या चावून खाल्ल्या. दोन महिन्यांच्या आत बदलाव्या लागल्या. माकडांना हलवणं तर देवळांच्या त्या शहरात अशक्यच.

केबलवाल्याकडून शिकलेला धडा

मद्रास आयआयटीचे प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांनी नव्वदच्या दशकात एक साधा प्रश्न विचारला. टेलिफोन इतका रखडतो आणि केबल टीव्ही मात्र कुणी न सांगता गल्लोगल्ली पोचतो, असं का? त्यांचं उत्तर: केबलवाला गल्लीतला असतो. महिन्याला शंभर-एक रुपये घेतो, स्वतः गोळा करायला येतो, आणि टीव्ही बंद पडला तर रविवारी सकाळीही हजर होतो, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे मिळणार नाहीत. त्यांच्या चमूने बनवलेल्या ‘कॉर्डेक्ट’ या बिनतारी यंत्रणेतून गावात फोन आणि ३५ ते ७० किलोबिटचं नेट एकत्र जायचं. आज तो वेग हसण्यावारी नेला जाईल, पण गल्लीतला माणूस हा मुद्दा अजून जिवंत आहे. डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत पानटपरी, किराणा दुकान, चहावाला कुणीही परवाना न काढता वाय-फाय विकू शकतो. पीसीओची पिवळी पाटी जिथे होती तिथेच आता ही सोय, हा धागा मला फार आवडतो.

घाटातला एक जॉइंट

गेल्या पावसाळ्यानंतर जुन्नरकडच्या एका घाटात गाडी थांबवावी लागली. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने तार तोडली होती, आणि कडेला ताडपत्रीच्या छोट्या तंबूत एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा बसला होता. त्याच्याकडे आधीच ओटीडीआर होतं. हे यंत्र तालुक्याच्या टोकाकडून तारेत उजेडाचा ठिपका सोडतं, आणि तुटल्या जागेवरून तो परत यायला किती वेळ लागला यावरून सांगतं की तार अमुक इतक्या मीटरवर तुटली आहे. विहिरीत दगड टाकून खोली ओळखावी, तसं. त्यामुळे त्याला खणायची जागा मीटरभरात ठाऊक होती.

“दादा, बघू का?” विचारलं. “बघा की काका, फक्त धूळ उडवू नका.”

काळ्या केबलच्या पोटात चोवीस तंतू. निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा... रंग पाठ असावे लागतात, कारण निळ्याला निळाच जोडायचा. एकेका तंतूवरची रंगीत कातडी त्याने सोलली, स्पिरिटच्या कापसाने पुसलं, क्लीव्हरखाली घालून टक्‌ असा आवाज करत टोक सरळ कापलं. त्या काचेच्या गाभ्याची जाडी नऊ मायक्रॉन, आपल्या केसाच्या जेमतेम आठवा हिस्सा. दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर आली. पडद्यावर ती दोन जाड खांबांसारखी दिसत होती. मशीनने ती आपोआप जुळवली, मधे क्षणभर निळी ठिणगी, आणि दोन खांबांचा एक झाला. पडद्यावर आकडा: ०.०२. “पॉइंट झिरो टू लॉस. मस्त बसला,” तो म्हणाला. त्यावर पारदर्शक नळी सरकवून गरम केली आणि पुढचा केशरी हातात घेतला.

असे चोवीस. मधे वारा सुटला तर ताडपत्री धरायला मी आणि जेसीबीचा ड्रायव्हर. तो ड्रायव्हर बिचारा सकाळपासून तिथेच थांबून होता. “खाली काय हाय ते कुनी सांगितलंच नाही ना साहेब,” तो दोनदा म्हणाला. कुणी सांगायला हवं होतं, हे खरंच.

शेवटचा तंतू जोडून झाला तेव्हा उन्हं कलली होती. सगळे तंतू गोल गुंडाळून काळ्या घुमटासारख्या डब्यात बंद झाले. मुलाने फोन लावला. खालच्या गावातल्या ग्रामपंचायतीत, कपाटाच्या वर असलेल्या डब्याजवळ कुणीतरी उभं होतं.

“मावशी, लाल दिवा लागलाय का अजून?”

पलीकडून काहीतरी म्हटलं गेलं.

“थांबा मिनिटभर... आता?”

फोन स्पीकरवर होता. मागे ग्रामपंचायतीत बरीच माणसं असावीत, कारण गलका ऐकू येत होता. मग बाईंचा आवाज आला, “हिरवा झाला रे! थांब, सर्व्हर उघडतोय... उघडला!” आणि आवाज बाजूला वळला, “आजी, या हिकडं. तुमचा सातबारा काढते आधी, सकाळपासनं बसलाय.”

मुलाने मशीनवरची धूळ फुंकरीने उडवली आणि पेटी बंद केली.